काळी चारच्या आधी

१

हरिचंद्र क्लबात पोचायचा तेव्हा दाराचं कुलूप अजून हाताला गार लागायचं. आत गेल्यावर त्याचा क्रम ठरलेला. खिडक्या उघडायच्या, बिलियर्डच्या टेबलावरची चादर काढायची, हत्यारांची पिशवी तिथं ठेवायची. मग पियानोचं झाकण उचलून डावीकडच्या टोकापासून एकेक पट्टी दाबत उजवीकडे जायचं. दाबायची, ऐकायचं, पुढे सरकायचं. इंग्लंडात ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो हे काम शिकला, तो म्हणायचा, आधी वाद्याला बोलू द्यावं, आपण मध्ये तोंड घालू नये.

अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्याला टाळं लागून बरीच वर्षं झाली होती. साहेबलोक गेले, त्यांच्या बायका आणि कुत्री गेली. मागे राहिला हा क्लब, आणि क्लबात हा पियानो. काळा, लांबट, डबक्यातून नुकत्याच उठलेल्या म्हशीसारखा चकाकणारा. हरिचंद्रचे वडील, हिंदुराव, देशावरून येऊन जन्मभर याच क्लबात फरशी पुसत आणि लाकडाला पॉलिश करत. आता तेही नव्हते. ते गेल्याची तार हरिचंद्रला परदेशात उशिराच मिळाली होती.

तो परत आला तो एकच गोष्ट मनात धरून. कारखान्याच्या चाळीतल्या, कुळगाव-शिरगावच्या, बारवीकडच्या वाड्यांवरच्या पोरांना या हॉलमध्ये फुकट संगीत शिकवायचं. सूर काय साहेबाच्या पोरांचीच मिरास आहे का? हे तो भेटेल त्याला इतक्या तळमळीने सांगायचा की लोक मान डोलावत डोलावत चपला पायात सरकवायचे.

"हे बघ, लंडन," क्लबाचे सेक्रेटरी चंदू गायकर म्हणाले होते. ते त्याला नावाने कधी हाक मारत नसत. "कॅम्प दोनचा टेकचंद फर्निचरवाला माझ्या मागे लागलाय. लाकूड, लोखंड, सगळं उचलतो म्हणतो. रविवारी कमिटी येते. पियानो साफ वाजला तर हॉल तुझा, क्लास लाव, पोरं जमव. नाय वाजला तर टेम्पो तयार आहे. मग माझ्या नावाने बोंबलायचं नाय."

"वाजेल, काका."

"वाजतोच आहे रे. पण वाजताना मध्येच कोणीतरी दार ठोकल्यासारखं होतं, त्याचं बघ. मागे पाहुण्यांनी वाजवला तर आमच्या मिसेस उठून दार उघडायला गेल्या."

तो ठोका हरिचंद्रने पहिल्याच सकाळी पकडला. मधल्या सप्तकातल्या एका काळ्या पट्टीवर यायचा. त्याच्या परदेशी शिक्षणात त्या पट्टीला वेगळं नाव होतं, पण इथं पेटीवाले जिला काळी चार म्हणतात तीच ही.

पट्टी दाबली की सूर येई, आणि सुराबरोबर टक्. कोरडा, लाकडाचा, एकच.

त्याने ती पुन्हा दाबली. मग पुन्हा, अगदी हळू, पट्टीवर बोटाचं वजन नुसतं टेकवत.

ठोका सुराबरोबर येत नव्हता. आधी येत होता.

२

याला कारणं असतात. हरिचंद्रला ती पाठ होती. हातोडीचं डोकं सैल झालं असेल. पट्टीखालचा नमदा, म्हणजे लोकरीची पातळ गादी, झिजून लाकूड लाकडावर आपटत असेल. एखादा स्क्रू ढिला असेल. पट्टी दाबल्याबरोबर आतली कळ उचलली जाते, हातोडी तारेवर आदळते ती त्यानंतर. तेव्हा ठोका आधी येणं अगदीच अशक्य नव्हतं. पट्टीच्या बुडाशी दोष असला की असं होतं. त्याने स्वतःला हे समजावलं, आणि ते पटलंही.

पण त्या सकाळी तो पट्टीवर बोट टेकवून नुसता बसला होता. दाबायचं मनात आलं होतं, बोट हललं नव्हतं. तरीही टक् झालं.

बोट हललं असणार. माणसाला स्वतःचं बोट हललेलं दर वेळी कळतं थोडंच?

"मावशी!" त्याने हाक मारली. क्लबाच्या मागच्या खोलीत चांगुणा राहायची, बारवीकडच्या वाडीवरची. झाडलोट तिच्याकडे होती. उत्तर आलं नाही. "अहो मावशी!"

"आले आले," ती पदराला हात पुसत आली. "काय रं?"

"पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही अशी शपथ आहे का तुमची?"

"आमच्या वाडीवर देतच नाय कोनी. ज्याला खरंच काम हाय तो पुन्हा हाक मारतो."

"आणि ज्याला नसतं तो?"

"तो तुझ्या ओची वाट बघतो," चांगुणा म्हणाली आणि हसली. "तू परदेशात शिकलास, तुला नाय समजायचं. काय उचलायचंय सांग."

पट्ट्या, हातोड्या आणि त्यांच्यामधली सगळी यंत्रणा एका लांब चौकटीवर बसवलेली असते. बाजूचे ठोकळे काढले की ती अख्खी चौकट खणासारखी पुढे ओढता येते. दोघांनी मिळून ती ओढली, दोन टोकांना धरून उचलली आणि बिलियर्डच्या टेबलावर ठेवली. पियानोचं तोंड मोकळं झालं. आत अंधार, आणि जुन्या गोधडीसारखा वास.

वास खरोखरच कापडाचा होता. चौकटीच्या खाली आणि मागे जिथं जिथं पोकळी राहते, तिथं तिथं कोणीतरी चिंध्या ठासून भरल्या होत्या. गोणपाट, घोंगडीचे तुकडे, खाकी चड्डीचा पाय, आणि मागे, अगदी खोल, आणखी बरंच काही.

"हा काय गाढवपणा आहे?" हरिचंद्र म्हणाला. "आवाज येतो म्हणून बोळे कोंबायचे? दुखणं तसंच आणि तोंडाला फडकं."

"तुझा बापूसच भरायचा," चांगुणा म्हणाली. "दर साली कायतरी आणून भरायचा. मी इचारलं एकदा, कशापायी? तर म्हनला, थंडी वाजते त्याला."

"कोणाला?"

"आता मी काय इचारत बसू? त्याला सोताला भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. बघावं तवा काखेत मुठी घालून बसलेला."

ते हरिचंद्रलाही आठवत होतं. पायरीवर बसलेले बाबा, दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे बाबा असेच बसतात.

३

तो एकेक चिंधी ओढून बाहेर टाकत गेला. जितकं आत जावं तितकं कापड जुनं. सगळ्यात शेवटी, मागच्या तुळईला लागून, मरून लोकरीचा एक गोळा हाताला लागला. त्याने तो उलगडला. लहान मुलाचा बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्याशी उसवून पुन्हा शिवलेला, कशिदाकारीच्या सुईने. ती शिवण त्याच्या आईची होती. आई गेली त्या वर्षी तो हा स्वेटर अंगावरून उतरवायला तयार नसे, आणि एक दिवस तो हरवला. बाबांनी अख्खं घर शोधल्यासारखं केलं होतं.

हरिचंद्रने स्वेटर पिशवीवर ठेवला. बाकीच्या ढिगाऱ्यात टाकवेना.

मग त्याने तळाची फळी ओल्या फडक्याने पुसली. मधोमध, काळी चार जिच्या वर येते त्या जागी, लाकडात एक खळगा होता. उथळ, गुळगुळीत, देवळाच्या उंबऱ्याला पडतो तसा. वापराने पडलेला. पण यंत्रणा आत असताना तिथं माणसाच्या करंगळीचं टोकही शिरत नाही. कीड असेल. चौकटीचा बोल्ट घासला असेल. बोल्टच्या खुणा वेगळ्या होत्या आणि वेगळ्या जागी होत्या, हे त्याने पाहिलं आणि पुढच्या कामाला लागला.

पुढचं काम त्याच्या आवडीचं होतं. चौकट तळाच्या फळीवर सगळीकडे सारखी टेकली नाही तर ठोका येतो. हे तपासायची रीत अशी की बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करायचं आणि ऐकायचं. भरीव आवाज आला तर नीट बसली. दुहेरी आवाज आला तर कुठंतरी फट आहे.

फळी कशी बोलते ते पाहायला त्याने रिकाम्या पियानोत हात घालून पेर वाजवलं. टक टक.

टक्.

तो थांबला. बाहेर मालगाडी जात नव्हती. चांगुणा अंगणात भांडी घासत होती, तो आवाज वेगळा.

टक टक, त्याने पुन्हा केलं.

टक्.

टेबलापाशी जाऊन त्याने तिथं ठेवलेल्या यंत्रणेतली काळी चार दाबली. हातोडी मुकाट वर गेली, तिथं मारायला तार कुठं होती? पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या तोंडाच्या रिकाम्या पियानोत, ठोका पडला. या खेपेलाही आधीच.

४

घाबरून तो निघून जायला हवा होता. तसं झालं नाही, आणि त्याची शरम त्याला नंतर वाटली.

कुळगावच्या घरात त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. शेजारी आदराने दूर राहायचे. शाळेतले सोबती कंपन्यांत लागले होते, त्यांच्या थट्टा त्याला कळायच्या नाहीत आणि त्याचं पुस्तकी मराठी ऐकून ते गालात हसायचे. तो तळमळीने बोलायचा आणि समोरून हूं यायचं. इथं, या लाकडात, त्याने काही म्हटलं की लगेच उत्तर येत होतं. न चुकता, जणू कधीचं तयार ठेवलेलं.

त्याने तर्क सोडला नव्हता. फळी सुकून ताणली असेल, आवाज पोकळीत फिरून परत येत असेल. पण प्रतिध्वनी दोनाला दोन येतो, दोनाला एक येत नाही. आणि तिसरा ठोका आला की मन कसं निवायचं, एखादं वाक्य दुसऱ्याने पुरं करावं तसं. तो तासन्‌तास तिथं बसू लागला. दुरुस्ती तशीच पडून राहिली. रविवार जवळ आला.

एका दुपारी ठोके देता देता तो पियानोच्या खाली, त्याच्या जाड लाकडी पायाशी जाऊन बसला. गुडघे पोटाशी, पाठ पायाला टेकलेली. सहज. आणि खाली बसल्यावर त्याला कळलं की आपण इथं पूर्वी बसलो आहोत.

आई गेली त्याच उन्हाळ्यात. घरी कोणी नाही म्हणून बाबा त्याला बरोबर आणायचे आणि पियानोखाली बसवायचे. ते वर पॉलिश करत असायचे. तो खालून फळीवर मारायचा, टक टक. वरून बाबा द्यायचे, टक्. किती वेळ चालायचा तो खेळ. एकदा त्याने घरी जाताना विचारलं होतं, बाबा, तुम्ही दमत नाही का वाजवून? बाबा चालता चालता थांबले होते. काय वाजवून, असं त्यांनी विचारलं होतं.

त्याच जूनमध्ये बाबांनी देश सोडून निघालेल्या साहेबाचे पाय धरले आणि हरिचंद्रची रवानगी दार्जिलिंगच्या मिशनच्या शाळेत झाली. हिंदुरावाने पोराचं कल्याण केलं, असं सगळे म्हणाले. दर सुट्टीत निरोप यायचा, यंदा तिथंच राहा. हरिचंद्र राहायचा. वसतिगृहात तो आणि स्वयंपाकी, दोघेच. पुढे तिथूनच तो इंग्लंडला गेला.

वरून, त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून, टक टक झालं. या वेळी दोन.

त्याची मूठ फळीपर्यंत गेली होती. उत्तर द्यायला. त्याने ती खाली घेतली आणि रांगत बाहेर आला.

५

मग मात्र तो झपाटल्यासारखा कामाला लागला. नमदे बदलले, स्क्रू आवळले, चौकटीचे बोल्ट एकेक करून फिरवले आणि ती फळीवर घट्ट बसवली. यंत्रणा आत सरकवून काळी चार दाबली. सूर आला. नुसता सूर, स्वच्छ, पितळी भांड्यात पाणी ओतावं तसा. तो कितीतरी वेळ दाबत राहिला. ठोका नव्हता. दोष होता, सापडला, निघाला. त्याला हसू आलं, आणि हॉल फार मोठा वाटला.

रविवारी सकाळी कमिटी आली. हरिचंद्रने वाजवलं. मान्यवर ताठ बसून ऐकत होते. वाजवून झाल्यावर गायकरांनी टाळी दिली.

"मानलं, लंडन. एकदम क्लीन. टेकचंदला सांगतो, तू दुसरी म्हैस बघ." ते कमिटीकडे वळले. "हॉल दिला पोराला? दिला. चहा घ्या."

चांगुणाने चहा-बिस्किटं आणली. बरोबर तिची नात होती, राही, सहा वर्षांची. हरिचंद्रच्या क्लासची पहिली विद्यार्थिनी. यादीतलं हे पहिलं नाव त्याने आल्या आल्याच मुक्रर केलं होतं, कारण चांगुणाच्या ओव्यांना ती बिनचूक ठेका धरायची. सगळे चहात गुंतले होते. हरिचंद्र पियानोच्या स्टुलावर बसून, दोन्ही हातांत कपबशी धरून, कमिटीतल्या एकाला सांगत होता की पहिल्या वर्षी वीस मुलं, दुसऱ्या वर्षी...

खालून आवाज आला. टक टक.

टक्.

त्याने वाकून पाहिलं. राही पियानोखाली बसली होती, गुडघे पोटाशी, पाठ पायाला टेकलेली. तिने फळीवर परत मारलं. वरून उत्तर आलं. ती खूश होऊन हसली.

"राही," तो हळूच म्हणाला, "कोण वाजवतंय गं?"

"तुमीच ना," ती म्हणाली. "वरून."

कपबशी त्याच्या हातांतच होती. त्याचे दोन्ही हात तिला तिथून दिसत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग फळीकडे, आणि तिचं हसू जाग्यावरच राहिलं.

६

सगळे गेल्यावर, ऊन अजून हॉलच्या निम्म्यापर्यंत आत असताना, हरिचंद्रने एकट्यानेच यंत्रणा बाहेर ओढून काढली. पाठीत कळ आली. मग तो चिंध्या परत भरू लागला. गोणपाट, घोंगडी, खाकी. ज्या क्रमाने काढल्या त्याच्या उलट क्रमाने भरायला हव्या होत्या, सगळ्यात आधी स्वेटर. हे त्याला उशिरा सुचलं. त्याने पुन्हा सगळं काढलं.

बॅटरी लावून त्याने स्वेटर हातात धरला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. मागची तुळई हाताला लागली. तिच्या खालच्या फटीत तो लोकर सारू लागला. थोडी गेली, मग अडकली. त्याने जोर केला.

मग जोर करावा लागला नाही. स्वेटर त्याच्या बोटांतून सरकत गेला, हळूहळू, ओढून नव्हे, आपण दिलेली वस्तू समोरच्याने घ्यावी तसा. शेवटी गळ्याची शिवण त्याच्या चिमटीत होती. तीही कोणीतरी सोडवून घेतली. बॅटरीच्या उजेडात, मरून लोकर अंधारात जाता जाता, तिच्यावर क्षणभर चार लहान पांढुरके उंचवटे दिसले. मुठीच्या पेरांसारखे.

त्याने हात बाहेर काढला.

गायकरांच्या घरी तो धावत गेला तेव्हा ते जेवायला बसले होते.

"काका, टेकचंदला बोलवा. पियानो दुरुस्त होणार नाही."

"सकाळी झाला ना रे? माझ्या कानांनी ऐकला."

"पुन्हा बिघडला. तो पोरांच्या कामाचा नाही."

गायकरांनी घास खाली ठेवला. "लंडनला जाऊन शिकलास काय, पेटी एक दिवस टिकेना. आणि क्लास? वाजवणार काय, थाळ्या? वाद्य नाय तर हॉलपण नाय, भाऊ. कमिटीला मी काय तोंड दाखवू?"

"मला माहीत आहे," हरिचंद्र म्हणाला. "फक्त अख्खा देऊ नका. इथंच तोडायला सांगा."

टेकचंद आला, पियानोभोवती फिरला, जीभ टाळूला लावून चुकचुकला. "भाऊ, ये तो राजा माल है. क्यों तोडता है? अख्खा देतो ना कुणाला पण." हरिचंद्र ऐकेना. मग टेकचंदच्या माणसांबरोबर त्याने स्वतःच पहिली तार सैल केली. भर दुपारी, व्हरांड्यात, उघड्यावर सगळं सुटं झालं. लोखंडी चौकट, तारा, हातोड्या, फळ्या. तुळईच्या मागे पाहिलं. तिथं काही नव्हतं, हात जाईल एवढी जागाही नव्हती. गोणपाट निघालं, घोंगडी निघाली, खाकी निघाली.

स्वेटर निघाला नाही. त्याने लाकडाचा प्रत्येक तुकडा उलटून पाहिला. टेकचंदची माणसं एकमेकांकडे बघून हसत होती.

७

"राहीला कुठंतरी शाळेत घाला," तो चांगुणाला म्हणाला. टेम्पो गेला होता. मोकळ्या हॉलमध्ये पियानोच्या पायांचे तीन ठसे उरले होते. "दूर. मी ओळखी काढतो. दार्जिलिंगला अजून मला ओळखतात."

चांगुणाने हातातली केरसुणी खाली ठेवली. "तू आला तवा काय म्हनायचास? पोरांनी कशाला कुठं जायाचं, मी हितं शिकवतो. आन आता?" तिचा आवाज चढला नाही. "तिला आई नाय, बाप वीटभट्टीवर. माझ्याबिगर कोन हाय तिला? नाय धाडायची मी. तुला धाडून तुझ्या बापाला काय मिळालं?"

एकटी मुलगी, दूरच्या वसतिगृहातल्या सुट्ट्या. ते त्याला कोणी सांगायला नको होतं.

म्हणून तो येत राहिला. हॉलला नवं कुलूप लागलं होतं, किल्ली गायकरांकडे. तो क्लबाच्या मागच्या पायरीवर बसायचा आणि राही शाळेतून आली की त्याच्या शेजारी येऊन बसायची. त्याच्या क्लासला एवढी एकच मुलगी आली.

"आज पेटी?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"पेटी नंतर. आधी हातांचा धडा," हरिचंद्र म्हणाला. "हे बघ. मुठी मिटायच्या. अशा काखेत घालायच्या. दाबून धरायच्या. काही ऐकू आलं तरी काढायच्या नाहीत. पहिल्यांदाही नाही, नंतरही नाही."

"किती येळ?"

"जमेल तितका."

एप्रिल महिन्याची दुपार होती, पायरी चटके देत होती. चांगुणा दारातून दोघांना बघत होती. पदराने तिने तोंड झाकलं होतं, ती हसत होती की कसं ते दिसत नव्हतं. दोघं शेजारी शेजारी, हात काखेत घालून, घाम गाळत बसली.

त्यांच्या पाठीमागे हॉलचं बंद दार होतं, जुन्या सागवानाचं. त्या दारावर आतून, राहीच्या डोक्याच्या उंचीवर, कोणीतरी वाजवलं. टक टक.

मग शांतता. वाट बघणारी.

राहीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही. तिनेही मान हलवली, शहाण्या मुलीसारखी. तिच्या मुठी काखेतच होत्या. हरिचंद्र त्यांच्याकडे पाहत राहिला, आणि त्याला दिसलं की झग्याच्या कापडाखाली उजव्या हाताची पेरं हलताहेत. अगदी हळू, आवाज न करता, स्वतःच्याच बरगडीवर.

एकदा.